ऑइलात पाणी कुठून आलं?

मागच्या वेळी याच खुर्चीत बसून मी गटाच्या अंतर्गत कर्जाच्या नोंदी कशा ठेवायच्या ते सांगितलं होतं. आजचा विषय ऐकून काही जणी रेडिओ बंद करतील, पण जरा थांबा. आज मी ट्रॅक्टरच्या इंजिनाबद्दल बोलणार आहे. इंजिन नव्याने बांधून आणलं, तीन दिवस चाललं आणि त्याच्या ऑइलात पाणी उतरलं, एवढीच गोष्ट. पण तेवढ्यापायी आमची एक ताई ट्रॅक्टरवरून कायमची खाली उतरणार होती.

आता आपल्या भागात बऱ्याच बचत गटांच्या अवजार बँका झाल्यात. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र गटाच्या नावावर असतं. पासबुक, हजेरी, हप्ते आपण चोख बघतो. इंजिनाचं मात्र 'ते गॅरेजवाले बघतील' म्हणून सोडून देतो. आमचंही तेच होतं. माझं शिक्षण बी. ए., आणि यंत्राशी माझा संबंध शिलाई मशीनच्या बॉबीनपर्यंत. त्यामुळे आज जे सांगते आहे ते ट्रॅक्टरखाली पाठीवर झोपून, डोळ्यांत ऑइल पडू न देता शिकलेलं आहे.

आमचा ट्रॅक्टर जुना घेतलेला, तीन सिलिंडरचा. गेल्या वर्षी तो निळा धूर टाकायला लागला, ऑइल पिऊ लागला, नांगराला दम धरेना. सप्टेंबरात इंजिन खोललं. नवे पिस्टन, नवे लायनर, नव्या बेअरिंगा, हेडचं फेसिंग, सगळं धरून ५८ हजार गेले. त्यातले निम्मे गटाच्या शिलकीतले, निम्मे सभासदांनी उसने दिलेले. हिशेब असा होता की हस्ताचा पाऊस उघडला की ज्वारीच्या पेरण्या सुरू होतील आणि महिन्याभरात पैसे वसूल होतील.

ट्रॅक्टर चालवते ती आमचीच एक सभासद ताई. ती रोज सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी ऑइलची पट्टी काढून बघते. तिसऱ्या दिवशी, जेमतेम ११ तास चालल्यावर, तिला दिसलं की ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलंय. मैत्रिणींनो, हे नीट ऐका. ऑइल कमी झालं की आपण घाबरतो. वाढलं की बरं वाटतं. पण ऑइल आपोआप वाढत नाही. वाढलं, तर त्यात डिझेल तरी मिसळलंय नाहीतर पाणी तरी. तिने पट्टी बोटावर पुसली तर काळंभोर दिसायला हवं ते ऑइल जास्त दुधाच्या चहासारखं. रेडिएटरचं झाकण गार असतानाच उघडलं, तर पाणी खाली गेलेलं. लिटरभराहून जास्त मावेल इतकं.

तिने किल्ली काढून पदराला बांधली आणि मला फोन केला. शेतमालक म्हणत होता, एवढा पट्टा तरी पेरून दे, बी-खत भरून ठेवलंय. तिने ऐकलं नाही. ट्रॅक्टर ओढून घरी आणला.

दुपारपर्यंत गावात निकाल लागला होता. बाईने इंजिन तापवलं. गॅरेजला फोन केला तर तिकडूनही तेच. म्हणाले, गाडी गरम केली असणार, हेड वाकलं असणार, घेऊन या, हेड परत करून देऊ, पण पैसे पडतील. ताई सांगत होती की तापमानाचा काटा हिरव्या पट्ट्याच्या बाहेर एकदाही गेला नाही. पण काट्याचा पुरावा कोण ठेवतो? संध्याकाळी बैठक बसली. उसने पैसे दिलेल्या दोघीजणींच्या घरच्यांनी निरोप धाडला होता की ड्रायव्हर बदला, पुरुष ठेवा. ताई एका कोपऱ्यात गप्प बसून होती. मला तेव्हा एवढंच सुचलं की पाणी नेमकं कुठून आलं हे कळेपर्यंत ट्रॅक्टर सुरू करायचा नाही, गॅरेजला पाठवायचा नाही आणि कोणाला दोषही द्यायचा नाही. तसा ठराव मी लिहून घेतला.

आता पाणी ऑइलात जातं कसं, ते सांगते. इंजिनात डिझेल, ऑइल आणि पाणी ही तिन्ही फिरत असतात, पण प्रत्येकाची वाट वेगळी. पाण्याची वाट आणि ऑइलची वाट एकमेकींना अगदी खेटून जातात, मध्ये फक्त पातळ आडोसे असतात. हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये असतं ते गॅस्केट, ज्याला आपले मिस्त्री पॅकिंग म्हणतात. पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो तो लायनर. पुष्कळ ट्रॅक्टरांमध्ये हा लायनर बाहेरून थेट पाण्यात उभा असतो, त्याला ओला लायनर म्हणतात. त्याच्या बुडाशी रबरी रिंगा असतात. त्या रिंगांच्या वर पाणी आणि खाली ऑइलचं चेंबर. म्हणजे कुकरच्या झाकणाच्या रबरासारखंच काम, फक्त इथलं रबर वर्षानुवर्षं दिसत नाही. शिवाय काही इंजिनांत ऑइल गार करणारा कुलर असतो, पुढच्या बाजूला पाण्याचा पंप आणि टायमिंगचं कव्हर असतं. इंजिन बांधायला खोललं की हे जवळजवळ सगळे आडोसे निघतात आणि सगळे पुन्हा बसवावे लागतात. म्हणूनच बांधणीनंतर लगेच पाणी उतरलं तर आधी बसवण्याकडे बघायचं, मग चालवणाऱ्याकडे. इंजिन तापून हेड वाकतं हेही खोटं नाही. पण ते बघून ठरवायचं, फोनवरून नाही.

आम्ही पहिलं बघितलं ते खरंच पाणी आहे का. हा प्रश्न वेड्यासारखा वाटेल, पण थंडीच्या दिवसांत थोडंच चालणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली पांढरट सायीसारखा थर धरतो. तो हवेतल्या दमटपणाचा असतो. नुसत्या झाकणाखाली तसं दिसलं आणि पट्टीवर ऑइल स्वच्छ असेल, रेडिएटरातलं पाणी कमी होत नसेल, तर इंजिन खोलायला धावू नका. आमच्याकडे तिन्ही गोष्टी उलट होत्या.

रात्रभर ट्रॅक्टर हलवला नाही. पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळे जे ऑइलात घुसळलं गेलं नाही ते चेंबरच्या तळाशी बसतं. सकाळी पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन ड्रेनचा नट हळूहळू सैल केला, पूर्ण काढला नाही. आधी ऑइल आलंच नाही. हिरवट पाणी आलं, अर्धा लिटरच्या आसपास. मागून चहाच्या रंगाचं ऑइल. बांधणीनंतर गॅरेजने हिरवं कूलंट भरलेलं होतं, त्यामुळे ते रेडिएटरातलंच हे उघड झालं. ज्यांना शंका होती त्यांच्यासाठी मी एक मोडका तवा तापवून त्यावर त्या ऑइलचा थेंब टाकला. तडतड झाली. नुसतं ऑइल असतं तर धूर आला असता, तडतड नाही. हा तवा मात्र परत स्वयंपाकाला घ्यायचा नाही. आणि कूलंटबद्दल एक कळकळीची सूचना. त्याची चव गोडसर असते आणि ते विषारी असतं. कुत्री, शेळ्या, लहान मुलं ते चाटू शकतात. बादली उघडी ठेवू नका, अंगणात ओतू नका.

असं ऑइल भरलेलं इंजिन 'जरा चालवून बघू' म्हणून चालवायचं नाही. ऑइल बेअरिंगांवर पातळ थर धरून ठेवतं, त्याच्यावरच क्रँक फिरतो. पाणी मिसळलं की तो थर टिकत नाही, कूलंटने चिकट गाळ होतो, नव्याकोऱ्या बेअरिंगा घासल्या जातात. नंतर क्रँकच बदलायची पाळी येते. ताईने तो एक पट्टा पेरून दिला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून कधीकधी करते.

आमच्या शेजारच्या वस्तीवर एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांना बोलावलं. ते म्हणाले, हेड काढायची घाई करू नका. हेड काढलं की पुरावा गेला. आधी पाण्याच्या वाटेत हवेचा दाब भरायचा, खालून चेंबर काढायचं आणि थेंब कुठून पडतो ते बघायचं. त्यासाठी रेडिएटरच्या झाकणाच्या जागी बसणारा एक हातपंप मिळतो, त्याला दाबाचा काटा असतो. तो त्यांनी ओळखीच्या एकाकडून आणला. रेडिएटरच्या झाकणावर दाब छापलेला असतो. आमच्या झाकणावर ०.९ होता. तेवढ्यापर्यंतच जायचं, त्यापुढे नाही. जास्त दाब दिला तर चांगला रेडिएटर फुटतो आणि गळती नसलेल्या जागी गळती तयार होते.

चेंबर काढण्याबद्दल थोडं. आमचं चेंबर पत्र्याचं, बोल्ट काढले की खाली येतं. काही ट्रॅक्टरांचं चेंबर ओतीव लोखंडाचं असतं आणि पुढच्या अ‍ॅक्सलचा भार त्यावर असतो. तिथे हे काम घरच्या अंगणात होणार नाही, त्याच्या नादी लागू नका. आणि कुठलाही ट्रॅक्टर असो, चाकांना दगड आणि खाली जाड लाकडी ठोकळे लावल्याशिवाय कोणी आत शिरायचं नाही. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली झोपलेली माणसं परत उठली नाहीत, असे प्रसंग आपल्याला माहीत आहेत.

रेडिएटर काठोकाठ भरला. खाली पांढरा पुठ्ठा अंथरला. काकांनी पंप मारला, काटा वर गेला. सगळ्या जणी वाकून बघतोय. काही नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं. बघायला जमलेली माणसं हसायला लागली. काका म्हणाले, गळती बारीक असली की घाई चालत नाही. काटा मात्र हळूहळू उतरत होता, म्हणजे हवा-पाणी कुठूनतरी जात होतं. बाहेरचे पाइप, क्लॅम्प, पाण्याचा पंप हात लावून पाहिले, कोरडे. पुन्हा पंप मारला. पाऊण तासाने पुठ्ठ्यावर हिरवा ठिपका पडला.

ताईच टॉर्च घेऊन आत गेली. मधल्या सिलिंडरच्या लायनरच्या बुडाशी, लायनर आणि ब्लॉक यांच्या फटीत, थेंब जमत होता. तिने फडक्याने पुसला. तो परत जमला. पुसला, परत जमला. मग आम्ही आळीपाळीने आत जाऊन पाहिला. मीही पाहिला. वाटाण्याएवढा थेंब, त्याच्यासाठी एवढं रामायण.

थेंब कुठे दिसतो यावरून पुष्कळ कळतं, म्हणून काकांनी तेव्हा सांगितलेलं मी वहीत उतरवून घेतलं. थेंब लायनरच्या बाहेरून, ब्लॉकच्या बाजूने येत असेल तर खालच्या रिंगांवर संशय. लायनरच्या आतून, पिस्टनच्या कडेने ओघळत असेल तर पाणी वरून येतंय, म्हणजे हेडचं पॅकिंग, हेडला गेलेली चीर, किंवा लायनरलाच पडलेलं भोक. पुढच्या बाजूने, टायमिंगच्या कव्हरकडून आलं तर पाण्याचा पंप किंवा तिथलं गॅस्केट. पॅकिंग फुटलं असेल तर बहुतेक वेळा आणखी एक खूण असते. इंजिन चालू असताना रेडिएटरात सारखे बुडबुडे येतात, कारण सिलिंडरातला जळका वायू पाण्यात शिरतो. पाइप लवकर फुगून कडक होतात, पांढरा वाफाळ धूर येतो. ऑइल कुलर फुटला असेल तर इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा जास्त असतो, म्हणून ऑइल पाण्यात जातं आणि रेडिएटरात तवंग दिसतो; इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब पडतो, गरम पाण्याचा राहतो, आणि मग उलटं पाणी ऑइलात येतं. आमच्या रेडिएटरात तवंग नव्हता, बुडबुडे कोणी पाहिले नव्हते. आणि आता थेंब डोळ्यांसमोर होता.

गॅरेजमालकाला मी फोन केला. आवाज चढवला नाही. एवढंच म्हटलं, दादा, दाब भरून ठेवलाय, थेंब पडतोय, येऊन बघून जा. तो आला. आत जाऊन पाहिलं. बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, लायनर काढून बघावा लागेल. 'हेड' हा शब्द त्या दिवसानंतर त्याने काढला नाही.

लायनर काढला तेव्हा आम्ही तिघी तिथे होतो, आणि मी तर अट घातली होती की आमच्यासमोर काढायचा. खालची रिंग एका जागी कापलेली होती, नखाएवढा तुकडा तिरका उडालेला. का कापली? ब्लॉकमध्ये जिथे रिंग बसते त्या तोंडाशी गंजाची धारदार खपली तशीच राहिली होती. लायनर ठोकून बसवताना त्या धारेने रबर सोललं. म्हणजे बसवणाऱ्याने ती जागा साफ केली नव्हती, बोट फिरवून पाहिली नव्हती. चूक गॅरेजची.

पण तो गंज आला कुठून, हे काकांनी विचारलं तेव्हा आमचीही मान खाली गेली. आम्ही तीन वर्षं रेडिएटरात बोअरचं पाणी घालत होतो. आपल्या बोअरचं पाणी तुम्हाला ठाऊक आहे, पाणी तापवायच्या भांड्यात महिन्याभरात पांढरा खडा धरतो. इंजिनात तेच झालं होतं. ब्लॉकच्या आत खडा, गंज, लाल चिखल. जुन्या लायनरांना बाहेरून टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडलेले होते. इंजिनाच्या कंपनामुळे लायनरलगतच्या पाण्यात बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि लोखंड कुरतडतात; कूलंटमधली औषधं लायनरवर थर धरून ते थोपवतात. साधं पाणी थोपवत नाही. चांगलं कूलंट महाग म्हणून आम्ही वाचवलेले पैसे त्या खड्ड्यांतून गेले होते.

पैशांचं असं ठरलं. मजुरी गॅरेजची, कारण रिंग त्यांच्या हातून कापली. रिंगा, पॅकिंग, ऑइल, फिल्टर, कूलंट आमचं. बैठकीत एकीला हे पटलं नाही, सगळंच गॅरेजने द्यायला हवं होतं असं तिचं म्हणणं. मला वाटतं तिचं अर्धं बरोबर होतं. पण पेरणीचे दिवस जात होते आणि गंज आमचा होता.

दुसऱ्यांदा बांधताना आम्ही पाळीने हजर राहिलो. लायनर एकाचा निघाला तरी रिंगा तिन्हींच्या बदलल्या. बसायची जागा पॉलिश पेपरने घासून लोखंडाचा रंग दिसेपर्यंत साफ केली, तोंडाची धार मोडली, कापडाने पुसून प्रत्येक ठिकाणी बोट फिरवलं. खड्डे खोल असते तर ब्लॉक लेथवर न्यावा लागला असता. आमचे वरवरचे होते. मग लायनर आधी रिंगांशिवाय नुसता सोडून पाहिला. तो हाताने, ठोकल्याशिवाय खाली बसायला हवा. बसल्यावर त्याची वरची कड ब्लॉकच्या पातळीपेक्षा किंचित वर राहावी लागते, म्हणजे हेड दाबलं की पॅकिंग तिथे घट्ट चेपतं. किंचित म्हणजे किती, तर मिलिमीटरचे काही शतांश, आपल्या केसाच्या जाडीच्या आगेमागे. तो आकडा प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकात वेगळा दिलेला असतो आणि तो गेज लावून मोजायचा असतो. तिन्ही लायनर साधारण सारखे उभे राहायला हवेत. 'हाताला कळतं' असं कोणी म्हटलं तर मानू नका.

रिंगा बसवताना त्या पिळल्या जाऊ देऊ नयेत. त्यांना ऑइल लावायचं की साबणाचं पाणी, हे रबरावर अवलंबून असतं. काही रबरं ऑइलने फुगतात. आमच्या रिंगांसाठी साबणाचं पाणी सांगितलेलं होतं, ते आमच्यापैकी एकीने वाटीत करून दिलं. लायनर दाबून बसवला, हातोड्याने नाही.

त्यानंतरचं काम मला सगळ्यात आवडलं, कारण त्याला फक्त धीर लागतो. पिस्टन घालायच्या आधी ब्लॉकमध्ये पाणी भरून रात्रभर ठेवलं आणि खाली पुन्हा पुठ्ठा. सकाळी पुठ्ठा कोरडा. मग पिस्टन, नवं पॅकिंग, हेड. जुनं पॅकिंग ११ तासांचंच आहे म्हणून परत घालायचा विचार निघाला होता, तो मोडून काढला. एकदा चेपलेलं पॅकिंग परत धरत नाही. हेड सपाट आहे का ते पट्टी आणि फिलर गेजने तपासलं. ते सरळच होतं, वाकलेलं नव्हतं. हे मी मुद्दाम मोठ्याने विचारून घेतलं, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

हेडचे बोल्ट आवळण्याआधी त्यांची भोकं हवेने साफ करायची. खालून बंद असलेल्या भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं आणि वरून बोल्ट आवळला तर ते दबत नाही, ब्लॉकलाच चीर पाडतं. बोल्ट टॉर्क पान्याने, मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला, एकदम नाही तर दोन-तीन टप्प्यांत आवळतात. काही पॅकिंगना थोडे तास चालवल्यावर पुन्हा आवळणं लागतं, काहींना नाही; तेही पुस्तकात असतं. चेंबर लावण्याआधी परत एकदा दाबाचा पंप लावला. दीड तास काटा जागचा हलला नाही.

खालच्या बेअरिंगा उघडून पाहिल्या. चमक शाबूत, ओरखडे नाहीत. काका ताईकडे बघून म्हणाले, वेळेवर बंद केलीस. ती काही बोलली नाही, बेअरिंग हातात घेऊन उजेडात फिरवून बघत राहिली.

चेंबर आणि ऑइल ओढायची जाळी डिझेलने धुतली. नवा फिल्टर घालून स्वस्तातलं ऑइल भरलं, सुरू करून दहा मिनिटं हळू ठेवलं आणि सगळं काढून टाकलं, कारण कोपऱ्यांत अडकलेलं पाणी एका फेरीत निघत नाही. मग दुसरा नवा फिल्टर आणि कामाचं ऑइल. रेडिएटरात यावेळी कूलंट आणि बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात. तयार मिसळलेलं कूलंट आणलं तर त्यात आणखी पाणी घालायचं नसतं. खराब ऑइल नाल्यात न ओतता डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे दिलं. दहा तासांनी ऑइल परत काढून पाहिलं. स्वच्छ होतं, तरीही बदललं.

आमचे नऊ दिवस गेले. ज्वारीच्या काही पेरण्या हुकल्या, त्या शेतकऱ्यांनी दुसरे ट्रॅक्टर बोलावले. नंतर हरभऱ्याला पुष्कळशी भरपाई झाली, पण उसने पैसे फिटायला फेब्रुवारी उजाडला. ताईची माफी कोणी मागितली नाही. ज्या घरातून 'पुरुष ठेवा' असा निरोप आला होता, तिथूनच आठ दिवसांनी विचारणा झाली की आमच्या रानात ताई कधी येणार. तिने यादी बघून सांगितलं, सहाव्या नंबरावर आहात.

गॅरेजला इंजिन देताना आता आम्ही चार गोष्टी आधीच लिहून घेतो. लायनर किती वर उभा राहिला तो आकडा, हेड सपाट होतं का, बोल्ट किती टॉर्कला आवळले, आणि चेंबर लावण्याआधी दाब देऊन पाहिलं का. पहिल्यांदा दिलं तेव्हा बिलावर नुसतं 'इंजिन काम' लिहिलेलं होतं. ट्रॅक्टरच्या डब्यात एक वही आणि खडू असतो. वहीत सकाळी ऑइलची पातळी, रेडिएटरची पातळी आणि तासांचा आकडा. ताई आता दोन मुलींना चालवायला शिकवते, त्यांना स्टिअरिंगच्या आधी पट्टी पुसायला शिकवलंय.

आणि हो, दाबाचा तो पंप काकांच्या ओळखीच्याला परत दिला आणि गटाने स्वतःचा घेतला. जवळपासच्या कुठल्या गटाला लागला तर ठेव भरून दोन दिवसांसाठी मिळेल. रेडिओ केंद्रावर निरोप ठेवला तरी माझ्यापर्यंत पोहोचतो. फक्त परत देताना आतली नळी कोरडी करून द्या, गेल्या वेळी ओलीच आली होती. नमस्कार.